प्रेशर नॉर्मल, तरीही काचबिंदू : माझा अनुभव

मला काचबिंदू आहे आणि माझ्या डोळ्यांचं प्रेशर आजवर एकदाही २१ च्या, म्हणजे नॉर्मलच्या मर्यादेच्या, वर गेलेलं नाही. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहिते, कारण डोळे तपासून आलेला माणूस आपल्याकडे घरी एवढंच सांगतो, "प्रेशर नॉर्मल आलंय, काळजी नाही." चष्म्याचा नंबर काढताना मलाही एका ठिकाणी हेच सांगितलं होतं. पुढे जवळचं वाचायला त्रास व्हायला लागला म्हणून कोल्हापुरातच राजारामपुरीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, बराच वेळ पडदा पाहिला आणि विचारलं, "मॅडम, घरात कुणाला काचबिंदू होता का?" आमची आजी शेवटची काही वर्षं भिंतीला धरून चालायची. वय झालं म्हणून, असंच सगळे समजत होते.

डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते, तिथे मधोमध एक खळगा असतो. नसेचे तंतू मरत गेले की तो रुंदावतो. माझ्या उजव्या डोळ्यात तो खालच्या बाजूला पार कडेला टेकला होता. प्रेशर होतं १६. मग कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराची, जाडी मोजली, ती ५०० मायक्रॉनच्याही खाली आली. सरासरी साधारण ५४० धरतात. प्रेशरचं यंत्र कॉर्निया सपाट करायला किती जोर लागतो ते मोजतं. कॉर्निया पातळ असेल तर जोर कमी लागतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. शिवाय पातळ कॉर्निया हा काचबिंदू होण्याचा एक मोठा धोका आहे, हे अमेरिकेत १,६३६ लोकांवर झालेल्या अभ्यासातून २००२ साली पुढे आलं. तरी माझ्या बाबतीत सगळा दोष कॉर्नियाचा नव्हता. काहींची नस साध्या प्रेशरलाही टिकत नाही. आरसे बसवलेलं भिंग डोळ्याला लावून कोनही तपासला, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं ती जागा. तो उघडा होता.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनच्या, खोलीत मला भीतीपेक्षा कुतूहल जास्त होतं. हे तंत्र १९९१ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी जगापुढे मांडलं. प्रकाशाचा एक झोत दोन वाटांनी पाठवायचा, एक डोळ्यात आणि एक आरशाकडे. परत आलेले दोन्ही झोत एकमेकांत मिसळले की त्या व्यतिकरणावरून पडद्याचा कुठला थर किती खोल आहे ते कळतं. मायकेल्सनच्या ज्या प्रयोगाची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते, तेच तत्त्व. माझ्या नसेच्या तंतूंचा थर खालच्या बाजूला पातळ निघाला आणि कागदावर तेवढा भाग लाल छापून आला. डॉक्टर मात्र त्या लाल रंगावर लगेच विसंबले नाहीत. माझा नंबर मोठा, उणे सहाच्या आसपास. अशा लांबट डोळ्यांत यंत्र कधी कधी निरोगी नसही लाल दाखवतं, कारण ते तुलना करतं ती बहुतेक साध्या नंबरच्या डोळ्यांशी. "नस, ओसीटी आणि फिल्ड, तिन्ही एकच गोष्ट सांगायला लागली की मी निदान लिहीन," असं ते म्हणाले. त्या वाक्याने माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

फिल्ड टेस्टबद्दल, म्हणजे नजर चारी बाजूंना कुठवर पोचते त्या तपासणीबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथे घाबरतात. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी आधारावर, समोर पांढरा अर्धगोल. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठेही प्रकाश चमकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ काहीच दिसत नाही आणि वाटतं, आपली दृष्टी गेलीच. प्रत्यक्षात यंत्र प्रत्येक जागी प्रकाश मुद्दाम मंद करत जातं आणि तुम्हाला तो दिसेनासा कुठे होतो ते शोधतं. म्हणजे निरोगी डोळ्यालाही बरेच ठिपके दिसत नाहीतच. हे आधी कुणी सांगितलं, तर अर्धी धडधड थांबेल. शोधत नजर फिरवली की टेस्ट बाद होते, माझी पहिली तशीच गेली. हात सरावला, श्वास शांत झाला, मग खरा नकाशा मिळाला. उजव्या डोळ्याला वरच्या बाजूला कमानीसारखा काळा पट्टा होता, मध्यापासून फार लांब नव्हे. ओसीटीत खालचे तंतू कमी आणि फिल्डमध्ये वरचा भाग कमी, हे जुळतं, कारण डोळ्याच्या भिंगातून पडद्यावर प्रतिमा उलटी पडते. आणि मला रोजच्या जगण्यात काहीही जाणवलं नव्हतं. एका डोळ्यातली उणीव दुसरा भरून काढतो. भवानी मंडपाच्या गर्दीतून स्कूटर चालवत मी रोज कॉलेजला जात होते.

उपचाराला एकच वाट आहे, प्रेशर अजून कमी करणं. नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूवर १९९८ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रेशर ३० टक्के उतरवलेल्या डोळ्यांपैकी १२ टक्क्यांत आजार पुढे गेला, उपचार न केलेल्यांत ३५ टक्क्यांत. म्हणून माझं लक्ष्य ठरलं ११. रात्री प्रेशर उतरवणाऱ्या लॅटानोप्रोस्टचा एक थेंब. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं सोडायची. बीपीची गोळी मी रात्री घेत होते. झोपेत रक्तदाब फार उतरला तर नसेला रक्त कमी पडतं, म्हणून फिजिशियनशी बोलून ती सकाळी घ्यायची ठरली. रंकाळ्यावरच्या योगवर्गात शीर्षासन बंद केलं, त्या आसनात डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं. शिक्षिकेला हे माहीत नव्हतं. आता त्या वर्गात प्रत्येकाला आधी विचारतात, याचं मला फार बरं वाटतं.

तरीही प्रेशर १३ च्या खाली येईना. एका तपासणीत नसेच्या कडेला रक्ताची बारीक रेघ दिसली, आणि नंतरच्या फिल्डमध्ये काळा पट्टा मध्याकडे सरकलेला. लेझरचं विचारलं, तर मुळातच कमी असलेलं प्रेशर त्याने फारसं उतरत नाही, असं उत्तर मिळालं. उजव्या डोळ्याची ट्रॅबेक्युलेक्टमी ठरली. ही शस्त्रक्रिया १९६८ पासून वापरात आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागात वरच्या पापणीखाली एक झडप करून डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर झिरपायला वाट देतात. जखम भरून वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध थोडा वेळ तिथे लावतात. नातेवाईक म्हणत, "ऑपरेशन झालं की स्वच्छ दिसेल." मोतीबिंदूचं तसं असतं. यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते. हे घरच्यांना आधीच बसवून समजावलं ते बरं झालं.

टेबलावरचा वेळ सोपा होता. डोळ्याभोवती इंजेक्शन, मग नुसता उजेड आणि आवाज. कठीण होते ते नंतरचे आठवडे. नजर धूसर, दर दोन तासांनी स्टेरॉइडचे थेंब, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. पाणी जास्त झिरपलं तर डोळा मऊ पडतो, कमी झिरपलं तर प्रेशर चढतं. सुरुवातीला माझं चढलं, तेव्हा डॉक्टरांनी एक टाका सैल केला आणि ते १० वर आलं. शस्त्रक्रियेचं निम्मं काम या फेऱ्यांमध्ये होतं, असं माझं मत आहे. त्यामुळे जिथे वारंवार जाता येईल, अशाच ठिकाणी ती करून घ्यावी. आणि झडपेवर झिरपलेल्या पाण्याचा जो छोटा फुगा येतो, तो आयुष्यभर राहतो. डोळा लाल झाला, दुखला, चिकटायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मेडिकलमधून थेंब आणून वाट बघायची नाही.

काचबिंदू सख्ख्या भावंडांत कितीतरी पटीने जास्त आढळतो. इचलकरंजीत दादाचे माग आहेत. तो म्हणाला, "अगं, तुटलेला धागा मला लांबनं दिसतोय की, मला काय झालंय?" मी वहिनीला फोन केला आणि त्यांनी त्याला गाडीत बसवून कोल्हापूरला आणलं. त्याचं प्रेशर १८, कॉर्निया माझ्यासारखाच पातळ, डाव्या नसेत खळगा मोठा आणि फिल्ड अजून पूर्ण साफ. आता त्याच्याकडे पहिला ओसीटी आणि पहिलं फिल्ड आहे, पुढचं सगळं त्यांच्याशीच ताडून बघायचं. सांगलीची धाकटी बहीण दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे. तिची वेळ मी आत्ताच घेऊन ठेवली आहे.