शिडांच्या जहाजांवरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार

इंग्रजी वाक्प्रचार आपण शाळेत यादी करून पाठ करतो आणि परीक्षेपुरते ते पुरतातही. पण 'टेकन अबॅक' म्हणजे 'चकित होणे' एवढेच वहीत उतरवले, तर त्यातला धक्का हाती लागत नाही. इंग्लंड हा दर्यावर्दी देश. शिडांच्या जहाजांवर राबणाऱ्या माणसांची बोली तिथे बंदरांतून घराघरांत पोहोचली, आणि ते काम डोळ्यांसमोर आले की असे वाक्प्रचार घोकावे लागत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

शिडात वारा भरायचा तर तो मागून किंवा बाजूने यावा लागतो. तो एकाएकी फिरला, किंवा सुकाणूवरच्या माणसाचे लक्ष ढळले, तर तोच वारा समोरून आदळतो, शिडे डोलकाठीवर उलटी चेपली जातात आणि वेगात निघालेले जहाज जागीच अडते; सोसाट्याचा वारा असेल तर डोलकाठी मोडण्याचीही धास्ती असते. नाविक याला 'टेकन अबॅक' म्हणत. म्हणूनच आनंदाच्या बातमीने हरखलेल्या माणसापेक्षा, अनपेक्षित प्रश्नाने बोलता बोलता ज्याची वाचा बसते त्याला हा वाक्प्रचार अधिक शोभतो.

'बाय अँड लार्ज' हाही वाऱ्याचाच. 'बाय' म्हणजे जमेल तितके वाऱ्याच्या रोखाने जाणे आणि 'लार्ज' म्हणजे वारा मागच्या अंगाने घेऊन जाणे; दोन्हींत जे जहाज नीट चाले, ते एकंदरीत चांगले.

'बिटर एंड'मध्ये आपल्याला कडवटपणाच आधी ऐकू येतो. मात्र 1627 साली कॅप्टन जॉन स्मिथ याने नाविकांच्या बोलीवर लिहिलेल्या पुस्तकात, नांगराच्या दोराचा जो भाग जहाजातच राहतो त्याला हे नाव दिलेले आढळते. हा दोर ज्या भक्कम खुंटांना वेढत, ते 'बिट्स'. त्या टोकापर्यंत दोर सुटला की आणखी सोडायला काही उरत नाही, म्हणून 'टु द बिटर एंड' लढणारा माणूस हातचे सारे संपेपर्यंत लढतो.

'टर्न अ ब्लाइंड आय' याला आपण 'कानाडोळा करणे' म्हणतो. या वाक्प्रचाराशी ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याची गोष्ट कायमची जोडली गेली आहे. 1794 मध्ये कॉर्सिकातील काल्वीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. 2 एप्रिल 1801 रोजी कोपनहेगनच्या लढाईत सरसेनापती हाइड पार्कर याने लढाई थांबवण्याचा इशारा निशाणांनी दिला, तेव्हा नेल्सनने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि इशारा दिसतच नाही असे सांगून लढाई चालू ठेवली, अशी ती आख्यायिका आहे. कानाडोळा आळसानेही होतो; इथे मात्र समोरचे पुरते ठाऊक असून ते न पाहण्याचा निश्चय आहे.

अर्थात बोटीची प्रत्येक कथा खरी नसते. आपण रोज वापरतो तो 'पॉश' शब्द पी अँड ओ या जहाज कंपनीच्या, हिंदुस्थानात येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटांवरून आला, असे पुष्कळदा सांगितले जाते: जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, म्हणजे उन्हापासून दूरची खोली, आणि 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे 'पॉश'. ही कथा कितीही रंजक असली, तरी तसा शिक्का असलेले एकही तिकीट सापडलेले नाही आणि कोशकार ती ग्राह्य धरत नाहीत.