लाइट जायची वाट बघणारी फिल्म

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : ‘यंत्रमाग - एका शहराची घरघर’. हे नाव सुचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती, इतकं ते मला भारी वाटलं होतं. आता कुणी वही बघायला मागितली की मी ते पान अंगठ्याखाली दाबून धरते.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रत्येकी एक शॉर्ट फिल्म करावी लागते. बारा मिनिटांच्या आत बसवायची, कॉलेजचा कॅमेरा तीन दिवस मिळणार, बाकी खर्च ज्याचा त्याचा. कोल्हापुरात सिनेमा शिकतोय म्हटलं की समोरचा माणूस हमखास बाबूराव पेंटरांवर येतो. आम्हीही पहिल्याच आठवड्यात खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाखाली ग्रुप फोटो काढून आलो होतो. त्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी स्वतः कॅमेरा घडवला. आमच्याकडे ट्रायपॉडची प्लेट हरवली तर कुणी हरवली यावर तीन दिवस ग्रुपवर भांडण चालतं. असो.

विषय माझ्याकडे आयताच होता. मामा इचलकरंजीत जॉबर आहे, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत त्याचा डबा घेऊन मी कारखान्यात जायचे. त्या भांडवलावर मी घरी बसून चौदा पानांची पटकथा लिहून काढली. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, या हिशोबानं ती पहिल्याच दिवशी दोन मिनिटं जास्त होती. सुरुवातीला निवेदन : ‘१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला...’ मग कर्जात बुडालेला मालक, किलोवर भंगारात जाणारे माग, पुण्याला निघालेला मुलगा, आणि शेवटच्या सीनमध्ये अर्थातच पाऊस. आमच्या सरांनी सगळी पानं वाचली आणि एकच विचारलं, “ह्यातलं तू काय काय बघितलंयस?”

मी म्हटलं, डबा.

मग एका मंगळवारी सकाळच्या एसटीनं निघाले. बॅगेत बावीस प्रश्नांची यादी. पहिला प्रश्न होता, ‘या धंद्याचं भवितव्य तुम्हाला काय वाटतं?’ चोवीस माग चालू असलेल्या कारखान्यात मी तो मामाच्या कानाशी जाऊन तीनदा ओरडले. मामानं मान डोलावली आणि पोराला पाठवून माझ्यासाठी चहा मागवला.

त्या दिवशी एकही प्रश्न विचारून झाला नाही. मोबाइलवरच्या ॲपनं आवाज ९७ डेसिबल दाखवला. ॲपवर किती विश्वास ठेवायचा ते सोडा. पण कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबलची आहे आणि इथं पाळी बारा तासांची असते. करण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणून मी बिमांच्या, म्हणजे सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळांच्या, कडेला स्टूल टाकून बघत बसले. तास-दीड तासानं लक्षात आलं की इथं सगळे भरपूर बोलतायत. दोन बोटांनी हवेत चिमटीतली तार ओढली की ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटलाय. मूठ वळून अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. मनगटावर टिचकी मारली की किती वाजले. बाकीचं सगळं ओठांवर. शब्द जरा रुंद करून, जबडा हलवून बोलतात, आणि पलीकडच्या ओळीतल्या माणसाला ते बरोबर समजतं. एक कामगार तर दहा माग पलीकडच्या दुसऱ्याला कुणाची तरी अख्खी नक्कल करून दाखवत होता, आणि तो दुसरा मागावर हात टेकून हसत होता. माझ्या चौदा पानांत या लोकांच्या तोंडी पल्लेदार वाक्यं होती. ‘आता या मागांतून कापड नाही, आमची हाडं निघतात’ असं एक होतं. कुणाला ऐकू जाणार होतं ते?

तीनच्या सुमारास लाइट गेली.

हे नीट सांगायला हवं, कारण फिल्म इथून सुरू झाली. माग सगळे एकदम थांबत नाहीत. प्रत्येकाची मोटर वेगळी. आधी आवाज विरळ होतो, मग दोन-तीन मागांचे खट-खट मागे राहतात, मग शेवटचा एक. आणि मग कानात नुसतं शीऽऽ. त्या शांततेत मामा पूर्ण ताकदीनं ओरडत होता, “आरं त्या सात नंबरचा पट्टा बघ की, कवाधरनं सांगालोय!” आवाज थांबलाय हे त्याच्या गळ्याला अजून कळलं नव्हतं. तीन वाक्यं तो तसाच ओरडला. चौथ्या वाक्याला स्वतःचाच आवाज भिंतीवरून परत आला असावा, कारण तो मध्येच थांबला. आडव्या धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या मशीनवरच्या मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मागच्या गल्लीत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. इतका वेळ ती गल्ली तिथंच होती.

बावीस मिनिटं लाइट नव्हती. त्यात मी ऐकलं ते असं : एकाच्या मुलीची सोयरीक मोडली होती, एक जण फोनवर हळू आवाजात बायकोची समजूत काढत होता, आणि दोघं सहा महिने शेजारशेजारच्या मागांवर काम करून आज पहिल्यांदा एकमेकांचं गाव विचारत होते. एक ओडिशाचा होता, दुसरा विजापूरकडचा. मग लाइट आली आणि सगळं पुन्हा बोटांवर गेलं.

परतीच्या एसटीत चौदा पानं फोल्डरमध्ये घातली आणि नवीन पानावर लिहिलं : एकच कारखाना, एकदाच लाइट जाते, नऊ मिनिटं.

आता मजा अशी की ही कल्पना प्लॅनिंगलाही स्वस्त पडते. आवाजात संवाद रेकॉर्ड करणं हा या जागेचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. कॉलर माइक लावा नाहीतर बूम धरा, मागांच्या पुढं सगळं पाण्यात. पण फिल्मच मुळी लाइट गेल्यावर घडत असेल तर संवाद शांततेत रेकॉर्ड होणार. चालू मागांचा आवाज वेगळा घ्यायचा : एकदा मागाला चिकटून, एकदा मधल्या बोळातून, एकदा दाराबाहेरून. गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, इतका खाली ठेवायचा की काटा लाल रेषेला लागता कामा नये. रिकाम्या कारखान्याची दोन मिनिटांची शांतता वेगळी घ्यायची, कारण प्रत्येक जागेची शांतता निराळी असते आणि एडिटिंगला ती नसली की संवादांच्या मध्ये भोकं पडतात. हे मला पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटमध्ये कळलं. भोकं अजून यूट्यूबवर आहेत.

पण लाइट कोण घालवणार? वीज मंडळाला कॉलशीट, म्हणजे शूटिंगच्या वेळांचा कागद, पाठवता येत नाही. मेन स्विच पाडायचा, म्हणजे माग थांबवायचे, आणि इथं मजुरी कापडावर मिळते. मामानं माझ्या वहीत हिशोब मांडून दिला. माग मिनिटाला १६० पिकं मारतो, म्हणजे आडवा धागा १६० वेळा जातो. तासाला ९,६००. कापड ५२ पिकांचं असेल तर इंचाला ५२ धागे, म्हणजे तासाला १८४ इंच, साडेचार मीटरच्या थोडं वर. तार तुटणं, कांडी बदलणं धरून पावणेचार मीटर पकड. दोन तास माग बंद ठेवले तर सहा माग सांभाळणाऱ्या माणसाचं ४५ मीटर कापड जातं. चोवीस माग म्हणजे अशी चार माणसं. माझ्या बजेटमध्ये ‘लोकेशन - मामाची ओळख - ०’ असं लिहिलं होतं. ते खोडून मी पहिली ओळ मजुरीची टाकली आणि ड्रोनची शेवटची ओळ काढली. एकूण २८ हजार आहेत, त्यातले निम्मे बाबांचे. ड्रोनबद्दल आमच्या कॅमेरामनला अजून वाईट वाटतंय. शहर वरून दिसलं पाहिजे म्हणतो. का दिसलं पाहिजे, ते त्याला सांगता येत नाही.

सुरुवातीला दुसराच एक कारखाना ठरला होता, जास्त मोठा, जास्त देखणा. मालक दोनदा हो म्हणाले आणि शूटिंगला दहा दिवस असताना नाही म्हणाले. आधी मला राग आला. मग कळलं की मागं कुणीतरी येऊन चांगलं चहापाणी घेऊन, वर ‘मरणपंथाला लागलेला धंदा’ असा व्हिडिओ टाकून गेलं होतं. त्यात त्यांचा बोर्ड दिसत होता. माझ्या वहीचं पहिलं पान आठवून मी गप्प बसले. मावशींनी तर तोंडावरच सांगितलं, “शूटिंगवाली लई येऊन जात्यात. आमी हसाय लागलो की कॅमेरा खाली करत्यात.”

तर आता मामाचाच कारखाना. छपराचे पत्रे जुने, मध्ये मध्ये उजेडासाठी पारदर्शक पत्रे घातलेत. दिवसा लाइट गेली की त्यातून उजेडाचे पट्टे खाली येतात आणि हवेतली कापसाची धूळ त्यात तरंगताना दिसते. लाइट भाड्यानं आणायला पैसे नाहीत, त्यामुळे हा उजेड फुकटचा आणि चालता. एका सुट्टीच्या दिवशी मी खडू घेऊन तिथं जाऊन बसले. सकाळी दहापासून दर अर्ध्या तासानं जमिनीवर पट्ट्याची कड आखली आणि बाजूला वेळ लिहिली. साडेअकराला पट्टा सात नंबरच्या मागावर येतो. पाऊण वाजता मधल्या बोळात, जिथं मामा ओरडत उभा होता, बरोबर तिथं. दोनला तो कांड्यांच्या टोपल्यांवर चढतो आणि अडीचला भिंतीवर जाऊन संपतो. म्हणजे सीन कुठल्या क्रमानं शूट करायचे हे उन्हानं ठरवलं. आमची असिस्टंट त्या खुणांचे फोटो काढून शेड्यूल करायला बसली. दुसऱ्या दिवशी मावशींनी झाडता झाडता अर्ध्या खुणा पुसल्या. फोटो होते म्हणून निभावलं.

चालू मागांचा एकच शॉट आहे, अगदी पहिला : धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडं उडणारा तो लाकडी तुकडा. तोही हिशोबानंच ठरवला. मिनिटाला १६० म्हणजे एका पिकाला सेकंदाचे तीन अष्टमांश. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका पिकाला बरोबर नऊ फ्रेम. धोटा प्रत्यक्ष उडतो तो त्यातला साधारण एक तृतीयांश वेळ, म्हणजे तीन फ्रेम. टेस्ट घेतली, लॅपटॉपवर एकेक फ्रेम पुढं सरकवली : नाही, नाही, पुसट रेघ, रेघ, रेघ, नाही. मामाला दाखवलं. चाळीस वर्षं तो धोटा दुरुस्त करतोय, पण उडताना थांबलेला त्यानं कधी बघितला नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाला, “जरा डाव्या अंगाला वर उचालतोय गं ह्यो. कितवा माग?” उठून गेला, काहीतरी पाना फिरवून आला. स्लो मोशन करायचं मी तिथंच रद्द केलं. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या एक पन्नासांशावर ठेवायचं, म्हणजे ट्यूबलाइटी लुकलुकणार नाहीत, आणि धोटा पुसटच राहू दे.

अडलंय ते एकाच ठिकाणी. जॉबरच्या भूमिकेसाठी कॉलेजच्या नाटकातला एक चांगला मुलगा घेतलाय. केस पांढरे केले की चालून जातो, हात बरोबर मागावर ठेवायला शिकलाय. पण माग थांबले की तो लगेच ओरडायचं थांबतो. त्याला सांगितलं, तीन वाक्यं जाऊ दे. मग तो मनात मोजतो, आणि मोजतोय हे दिसतं. कारण त्याला ऐकू येतं. मामाला ते वरचे बारीक आवाज येतच नाहीत. अशा गोंगाटात वर्षं काढली की आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचं जातं. मामी ‘साखर’ म्हणाली की त्याला ‘आखर’ ऐकू येतं, आणि घरात टीव्ही इतका मोठा असतो की शेजारच्यांना वेगळा लावायची गरज नाही.

मामालाच घ्यावं असं मी परवा जेवताना मामीजवळ बोलले. मामा टीव्हीसमोर होता.

“ह्यास्नी पाठ किती करायचं असतंय?” मामीनं विचारलं.

“काहीच नाही. नुसतं ओरडायचं.”

“मग रोजचंच की,” मामी म्हणाली, आणि उठून टीव्हीचा आवाज दोन खुणा खाली केला. मामानं रिमोट उचलून तीन वर केला.

शनिवारी सकाळी नऊचा कॉल आहे. कॉलशीट टाइप करून झालंय, वीज पाडायची वेळ १२.४०, मजुरीची पाकिटं वेगळी भरून ठेवलीत. ‘जॉबर’च्या पुढं दोन नावं पेन्सिलनं लिहिलीत.