माळ्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर नव्या टीव्हीला जोडताना

दिवाळीत नवा टीव्ही घेतलेल्या ओळखीच्या बहुतेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते, चित्र झकास आहे पण बोलतात काय ते कळत नाही. आमच्या आईचंही तेच, मालिकेत म्युझिक धो धो वाजतं, संवाद आला की ती आवाज वाढवते आणि जाहिरात लागली की धावत कमी करते. तिचे कान चांगले आहेत हो. टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकरला आत जागाच उरली नाही, जे छोटे स्पीकर असतात त्यांची तोंडं खाली नाहीतर मागे भिंतीकडे, म्हणजे आवाज आधी कुठेतरी आपटून मग आपल्यापर्यंत येतो आणि त्यात शब्द गढूळ होतात.

यावर सगळे लगेच साउंडबार घ्या म्हणतात. जरूर घ्या, पण आधी माळ्यावर बघा. पुण्यात कितीतरी घरांत बाबांच्या नाहीतर काकांच्या वेळचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यातले दोन मोठे स्पीकर पडून आहेत. ज्यावर भीमसेनजींचे अभंग ऐकत आम्ही मोठे झालो तो अ‍ॅम्प्लिफायर भंगारात घालायला माझं मन तयार होईना, आणि खरं सांगतो, माणसाच्या आवाजासाठी त्या स्पीकरांना आजही तोड नाही.

आता जोडायचं कसं. आधी टीव्हीच्या मागे हेडफोनचं भोक आहे का बघा. असेल तर एका बाजूला ३.५ एमएमची पिन आणि दुसऱ्या बाजूला लाल-पांढऱ्या आरसीए पिना अशी साधी केबल पुरते, शिवाय बऱ्याच टीव्हींमध्ये या भोकातून येणारा आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमीजास्त होतो. घरात वयस्कर माणसं असतील तर ही फार मोठी गोष्ट आहे, दोन रिमोट सांभाळायला लागले की आठवड्याभरात सगळी जोडणी बंद पडून राहते. अडचण अशी की हल्लीच्या बऱ्याच टीव्हींना हे भोकच नसतं.

मग उरतं ऑप्टिकल आणि एचडीएमआय एआरसी. ऑप्टिकल म्हणजे तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली, लाल उजेडातून आवाज नेणारी केबल, अजूनही बहुतेक टीव्हींवर तिचं भोक दिसतं. एआरसी म्हणजे एचडीएमआयच्याच केबलमधून टीव्हीचा आवाज बाहेर काढायची सोय, ती आली २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला यातलं काहीच कळत नाही, त्याला पाहिजेत लाल-पांढऱ्या पिना, म्हणून मध्ये डॅक नावाचा छोटा डबा लागतो, जो डिजिटलचं अ‍ॅनालॉग करतो. पुण्यात मंडई मेट्रो स्टेशनला उतरून चालत तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत जा, तिथे असे डबे मिळतात. गाडी घेऊन जायच्या भानगडीत मात्र पडू नका. केबल नवी असेल तर तिच्या टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढायच्या, आणि टीव्ही चालू करून दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसतो का ते बघायचं. उजेड दिसला म्हणजे इथपर्यंत तरी सगळं ठीक.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ऑक्स, सीडी, ट्यूनर यातल्या कुठल्याही जोडीत पिना लावा, फक्त फोनो लिहिलेल्या जागी लावू नका. ती तबकडीच्या प्लेअरसाठी असते, तिथे आवाज कितीतरी पटींनी वाढवला जातो आणि खर्ज मुद्दाम उचलला जातो, टीव्ही तिथे लावला तर फाटका, घोगरा आवाज येतो आणि लोकांना वाटतं स्पीकर गेले.

सगळं जोडलं आणि आवाजच नाही, हा सगळ्यात जास्त येणारा प्रॉब्लेम. जोडणी बरोबर असेल तर दहातल्या नऊ वेळा कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये सापडतं. साउंड आउटपुटमध्ये ऑप्टिकल निवडा आणि डिजिटल ऑडिओ फॉरमॅट ऑटोवरून काढून पीसीएम, म्हणजे साधा न बांधलेला आवाज, करा. ऑटोवर असताना टीव्ही डॉल्बीचा बांधलेला आवाज तसाच बाहेर पाठवतो, साध्या डॅकला तो उलगडता येत नाही, मग शांतता नाहीतर नुसती खरखर. याची खूण म्हणजे यूट्यूब वाजतं, बातम्या वाजतात आणि ओटीटीवरचा सिनेमा लावला की गप्प. सेट टॉप बॉक्सचं स्वतःचं ऑडिओ सेटिंग वेगळं असतं, तिथेही स्टिरिओ किंवा पीसीएम करून टाका.

आवाज येतोय पण संवाद अजूनही खोल गेल्यासारखे वाटतात? स्पीकरच्या वायरी बघा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली असेल तर दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात, खर्ज गायब होतो आणि बोलणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. बातम्या लावून समोर बसा, निवेदिका टीव्हीच्या मधूनच बोलतेय असं वाटलं पाहिजे. आणि वायरीचे मोकळे तंतू शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका, अ‍ॅम्प्लिफायर त्यानेच जळतात. ज्यांच्याकडे पाच स्पीकरवाला रिसीव्हर आहे पण लावलेत दोनच, त्यांनी सेटिंगमध्ये सेंटर स्पीकर नाही असं सांगायलाच हवं, कारण ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा अशा आवाजात, बहुतेक संवाद सेंटरलाच दिलेले असतात आणि नसलेल्या स्पीकरकडे ते पाठवले तर ऐकणार कोण.

आता घुंईईई. हा आवाज ऐकला की लोक घाबरतात, खरं तर तो शोधणं सोपं आहे. डिशची किंवा केबलची जाड गोल वायर सेट टॉप बॉक्समधून काढा, घुंई थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे गच्चीवरून आलेल्या वायरीचं अर्थिंग आणि घरातल्या बोर्डाचं अर्थिंग यांच्यात फरक आहे आणि त्यातून ५० हर्ट्झची वीज तुमच्या ऑडिओ केबलमध्ये घुसतेय. ऑप्टिकल इथे उपयोगी पडते कारण उजेडातून करंट जात नाही. पण, आणि हे कुणी सांगत नाही, डॅकला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून दिली की ती वायर टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायरला पुन्हा जोडते आणि ऑप्टिकलचा सगळा फायदा गेला. डॅकला मोबाइलचा वेगळा चांगला चार्जर लावा. घुंई घालवायला तीन पिनांमधली अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, ती पिन जीव वाचवायला असते. जुन्या वाड्यांत, जुन्या सोसायट्यांत अर्थिंग मुळातच धड नसतं, तिथे आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्पीकर नंतर.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी ठरवा पुढे कोण आहे. नवे टीव्ही चित्रावर बरीच प्रक्रिया करतात आणि त्यात चित्र मागे पडू शकतं, मग आवाज आधी येतो. आवाज लवकर आला तर माणसाला पटकन खटकतं, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या आकड्यांप्रमाणे साधारण ४५ मिलिसेकंदांनी लवकर आला तरी लक्षात येतं, उशिरा आला तर साधारण १२५ पर्यंत कळत नाही. ऑडिओ डिले नावाचं सेटिंग यासाठीच आहे, थोडं थोडं वाढवत न्या. ब्लूटूथने जोडलं असेल तर उलट, आवाज मागे राहतो, आणि तिथे डिले वाढवून काही होत नाही, वायरच लावा.

आमच्याकडे शेवटी ऑप्टिकल, डॅक आणि बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर असं बसलंय, ट्रेबल जरा वर आणि लाउडनेसचं बटण बंद, कारण ते चालू असलं की खर्ज शब्दांवर चढतो. आवाजाची नॉब आईच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर आहे. तुमच्याकडे कुठला अ‍ॅम्प्लिफायर पडलाय ते कमेंटमध्ये लिहा, मागच्या बाजूचा फोटो टाकलात तर कुठली पिन कुठे ते सांगतो.