तुम्ही विचारलंत म्हणून: गिरणी कामगाराची मुलगी आणि गिरणीमालकाची लव्हस्टोरी

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारून झालाय की आता एकदाच लिहून टाकते. मैत्रिणी विचारतात, ऑफिसमधले विचारतात, परवा भाचीनेही विचारलं, "मावशी, आजोबा ब्याऐंशीच्या संपातले आणि तुझी सगळ्यात आवडती लव्हस्टोरी गिरणीमालकाची? असं कसं गं?"

पुस्तक म्हणजे एलिझाबेथ गॅस्केल या इंग्लिश लेखिकेची कादंबरी 'नॉर्थ अँड साउथ'. आता लोक त्याला हिस्टॉरिकल रोमान्स म्हणतात, कारण त्यात लांब झगे आहेत, घोडागाड्या आहेत आणि बीबीसीने २००४ साली मालिका केली तिच्यात हीरो म्हणून रिचर्ड आर्मिटेज आहे (त्याच्याबद्दल सुरू केलं तर बाकीचं राहून जाईल, म्हणून गप्प बसते). पण बाईने लिहिलं तेव्हा ते ऐतिहासिक वगैरे काही नव्हतं हो, त्या चालू घडामोडी होत्या. १८५३-५४ मध्ये इंग्लंडातल्या प्रेस्टनला कापड गिरण्यांचा मोठा संप झाला, कामगार हरले, आणि १८५४ च्या सप्टेंबरपासून डिकन्सच्या साप्ताहिकात ही गोष्ट हप्त्याहप्त्याने यायला लागली. गॅस्केल स्वतः मँचेस्टरला राहणारी, नवरा चर्चमध्ये पाद्री, गिरण्यांचं सगळं दारातच बघितलेलं. आणि गंमत बघा, त्याच १८५४ साली इकडे कावसजी दावरांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, म्हणजे तिकडे हीरो हीरोइनवर जीव टाकत होता तेव्हा इकडे आमच्या घराण्याच्या नशिबाचा भोंगा बसवायची तयारी चालली होती.

गोष्ट थोडक्यात सांगते. मार्गारेट हेल ही इंग्लंडच्या दक्षिणेतल्या एका हिरव्यागार खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी. वडिलांचा चर्चवरचा विश्वास डळमळतो, ते नोकरी सोडतात आणि कुटुंबाला घेऊन उत्तरेला मिल्टन नावाच्या धुराच्या शहरात येतात. मिल्टन म्हणजे मँचेस्टरच, फक्त नाव बदललंय. तिथे वडील शिकवण्या घेतात आणि त्यांच्याकडे ग्रीक शिकायला येतो जॉन थॉर्नटन, गिरणीमालक. तो श्रीमंत, हे गरीब, तरी खालचा तो! हे मला पहिल्यांदा वाचताना कळेचना. मग आईचं ते स्थळं बघतानाचं वाक्य आठवलं, "पैसा आहे पण घराणं नाही", आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्यांच्या घरातला चहाचा सीन मी किती वेळा वाचलाय त्याला गणती नाही. मार्गारेट चहा ओततेय, तिच्या हातातलं ब्रेसलेट सारखं घसरून मनगटावर येतंय, ती वैतागून ते वर सरकवते, दंडात रुतेपर्यंत, आणि ते हळूहळू पुन्हा खाली येतं. थॉर्नटन तिच्या वडिलांशी काहीतरी गंभीर बोलतोय पण लक्ष सगळं त्या ब्रेसलेटकडे. मग वडील गमतीत तिची करंगळी आणि अंगठा धरून चिमट्यासारखा वापरतात, साखरेचे खडे उचलायला, आणि या एवढ्या मोठ्या गिरणीमालकाला वाटतं की आपल्यालाही असंच करून मागता आलं असतं तर. बस, एवढंच. आणि निघताना तो शेकहँडसाठी हात पुढे करतो, तिकडची ती पद्धतच, हिला ती माहीत नाही म्हणून ही नुसती मान झुकवते, आणि हा अपमान झाला म्हणून चिडून घरी जातो. मला विचाराल तर दोन वर्गांमधलं अंतर या एका न मिळालेल्या हातात जेवढं दिसतं तेवढं अख्ख्या प्रकरणाच्या भाषणांत दिसत नाही, आणि भाषणं भरपूर आहेत, ते आधीच सांगून ठेवते.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर पैशात आहे. मी बँकेत काम करते त्यामुळे असेल, पण मला प्रेमकथांमधला एक प्रकार अजिबात सहन होत नाही, तो म्हणजे श्रीमंत-गरीब प्रेम आणि पगार किती ते कुणी सांगायचंच नाही. इथे बाई सगळं सांगते. थॉर्नटनचा बाप सट्ट्यात बुडून आत्महत्या करतो, पोरगा शाळा सोडून कापडाच्या दुकानात लागतो, आठवड्याला पंधरा शिलिंग, त्यात तिघांचं घर, आणि त्यातूनही त्याची आई दर आठवड्याला तीन शिलिंग बाजूला काढायला लावते. बारा शिलिंगांत घर! ही बाई पुढे सुनेला छळणार हे पानापानावर दिसत असूनही मला तिच्याबद्दल आदर आहे तो या तीन शिलिंगांमुळे. आमच्या चाळीतल्या बायका हेच करायच्या, फक्त त्यांच्या पोरांच्या गिरण्या झाल्या नाहीत.

आणि मग बेसी. एकोणीस वर्षांची पोर, कार्डिंगमध्ये, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, काम करून छातीत कापूस बसलेला, खोकून खोकून मरणारी. ती मार्गारेटला सांगते की धूळ खेचून घेणारं चाक बसवता येतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि नफा काहीच नाही, म्हणून मालक बसवत नाहीत. आणि पुढे सांगते की काही कामगारांनाच ते चाक नको असतं, कारण तंतू गिळायची सवय झालेली, ते बंद झाले की भूक जास्त लागते, मग पगार वाढवून मागावा लागेल. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. बाबा कार्डिंग खात्यातच होते. रात्रपाळी करून आले की भुवयांवर, कानातल्या केसांवर पांढरं बारीक काहीतरी असायचं, आजी त्यांचा शर्ट गॅलरीत नेऊन झटकायची आणि हातावर गुळाचा खडा ठेवायची, घसा साफ होतो म्हणून. हिरोइनच्या कपाळावर संपाच्या दंगलीत थॉर्नटनला वाचवताना दगड बसतो, तो सीन सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या ते चाक राहिलं.

तक्रारही आहेच माझी. बेसीवर कुणाचं प्रेम बसत नाही, तिला नुसतं मरायचं काम दिलंय. आणि वर्गाची भिंत ओलांडतात कोण, तर दोघं पोटभर जेवलेली माणसं. खरी भिंत ओलांडतो तो बेसीचा बाप हिगिन्स. युनियनवाला, हरलेला, मेलेल्या सोबत्याची पोरं पोसायची म्हणून थॉर्नटनकडे काम मागायला येतो, पाच तास उभा राहतो, हाकलला जातो. आणि नंतर थॉर्नटनला कळतं की हा पाच तास उभा होता आणि खरं बोलत होता, मग तो स्वतः त्याच्या घरी जातो. मालक कामगाराच्या खोलीवर! पुढे दोघं मिळून गिरणीत खानावळ काढतात आणि थॉर्नटन कधीकधी तिथेच जेवतो. मला मार्गारेटचा होकार जितका आवडतो तितकीच ती खानावळ आवडते.

होकार तर काय, तोही हिशोबातच येतो. थॉर्नटनची गिरणी बुडते, मार्गारेटला वारसाहक्काने पैसा मिळालेला असतो, आणि ती त्याला म्हणते की माझे १८,०५७ पौंड बँकेत नुसते पडलेत, अडीच टक्क्यांनी, तुम्ही घ्या आणि मला जास्त व्याज द्या. प्रेमाची कबुली आहे ही! रेल्वे स्टेशनवरचं चुंबन मालिकेतलं आहे, पुस्तकात नाही.

बाबांना मी ही गोष्ट एकदा सांगितली, मटार सोलता सोलता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते, अडीच लाख माणसं बाहेर पडली, तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही आणि बाबांची गिरणी काही परत लागली नाही. मला वाटलं मालक म्हटल्यावर चिडतील. ऐकून घेतलं सगळं. चहा, ब्रेसलेट, दगड, कशावर काही बोलले नाहीत. शेवटी मी सांगितलं की गिरणी बुडाल्यावर कामगारांनी थॉर्नटनला सह्यांचं पत्र दिलं, पुन्हा कधी गिरणी काढलीत तर आम्ही तुमच्याकडेच काम करू म्हणून.

"सह्या केल्या?" बाबा म्हणाले.

"केल्या."

थोडा वेळ मटारच सोलत बसले. मग म्हणाले, "आणि गिरणी झाली का चालू?"

मी म्हटलं, पुस्तक त्याच्या आधीच संपतं.