दूरस्थ टीम ते डिझायनरांचा कट्टा : माझा अनुभव

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मोबाइल-संगणकाच्या पडद्यांची मांडणी करणारी आमची डिझाइन टीम पुण्यात एकाच मजल्यावर बसत होती. पुढे निर्बंध उठले, पण तोवर कंपनीने तो मजला सोडून दिला होता. त्यामुळे एक सहकारी नागपूरला, एक कोल्हापूरला, दोघी पुण्यातच पण आपापल्या घरी आणि उत्पादनाचे निर्णय घेणारी मंडळी बर्लिनला, ही व्यवस्था कायमची झाली आणि तिचे नेतृत्व माझ्याकडे आले.

एकत्र बसण्यातले नेमके काय गेले, याचा शोध घ्यायला मला थोडा वेळ लागला. सोबतच्या गप्पा आणि चहा गेला हे खरे, पण कामाच्या दृष्टीने मोठे नुकसान वेगळेच होते. कार्यालयात कोणाच्याही पाठीमागून जाताना त्याच्या पडद्यावरचे अर्धवट काम सहज दिसे आणि दोन वाक्यांत दिशा बदलता येई. घरून काम सुरू झाल्यावर प्रत्येक जण काम पूर्ण करूनच समोर आणू लागला, आणि पूर्ण झालेले काम बदलायला सांगणे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही जड जाते. म्हणून मी रोजची तोंडी हजेरी बंद केली आणि त्याऐवजी दुपारी प्रत्येकाने फिग्मा या डिझाइनच्या ऑनलाइन साधनातील आपल्या फाइलचा दुवा देऊन तीन गोष्टी लिहाव्यात असे ठरवले: आज काय बदलले, ते का बदलले आणि कुठे अडले. यातले दुसरे उत्तर लिहिताना सगळ्यांचीच दमछाक झाली. ‘बरे दिसले म्हणून’ हे कारण लिहून पाहिले की स्वतःलाच पटत नाही.

लेखी नोंदींचे आणखी एक कारण घड्याळात होते. जर्मनीत मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात, त्यामुळे बर्लिन आणि आपल्यातले अंतर उन्हाळ्यात साडेतीन तासांचे, तर हिवाळ्यात साडेचार तासांचे असते. बर्लिनच्या अकराची बैठक आपल्याकडे कधी अडीचला, तर कधी साडेतीनला येते. नागपूरच्या सहकारी नेमक्या साडेतीनला मुलाला शाळेतून आणायला जात असत. ती वेळ भारतीय घड्याळाला बांधून घ्यावी, असा आग्रह मी धरला; बर्लिनकरांनी तो मानला, कारण लेखी नोंदींमुळे बैठकीची गरजच आठवड्यातून दोनदा इतकी उरली होती.

तरीही बैठकीत नवी मुले गप्प राहत. ‘मॅडम बोलल्यावर बोलू’ हा आपल्याकडचा शिष्टाचार व्हिडिओ कॉलवर अधिकच घट्ट होतो. त्यावर उपाय म्हणून एकमेकांचे काम पाहून मते देण्याच्या बैठकीची, म्हणजे समीक्षेची, पहिली दहा मिनिटे कोणीही बोलायचे नाही, सगळ्यांनी फाइलवरच टिपा लिहायच्या, आणि मग सर्वांत कनिष्ठ व्यक्तीने सुरुवात करायची, असा क्रम लावला. माझी पाळी शेवटी येई. निम्म्या वेळा माझे म्हणणे कोणीतरी आधीच मांडलेले असे आणि मला फक्त दुजोरा द्यावा लागे.

कट्ट्याची कल्पना याच समीक्षेतून निघाली. अहमदाबादच्या एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) किंवा मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागातून शिकलेल्यांना वरच्या तुकड्यांतल्या ओळखी आयत्या मिळतात. लातूर, जळगाव, सांगली इथल्या कला महाविद्यालयांतून किंवा अभियांत्रिकीतून या क्षेत्रात आलेल्यांना आपले काम दाखवायला हक्काचे माणूसच नसते. अशा लोकांसाठी महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, मराठीतून आणि टीममधल्याच पद्धतीने समीक्षा करायची, असे आम्ही काही जणांनी ठरवले. प्रथेप्रमाणे व्हॉट्सॲप गट निघाला, आणि प्रथेप्रमाणेच तो नोकरीच्या जाहिराती व सुप्रभाताच्या फुलांनी भरला. शेवटी गटावर फक्त सूचना देण्याची मुभा ठेवली आणि चर्चा प्रत्यक्ष कामावरच करायची असे पक्के केले.

सुरुवातीच्या एका बैठकीत लातूरच्या एका तरुणाने सरावासाठी केलेला वीजबिल भरण्याचा पडदा आणला होता. ‘ताई, कच्चं आहे अजून, दाखवू का?’ असे त्याने दोनदा विचारले. कच्चेच हवे आहे, असे सांगितल्यावर त्याने तो उघडला. मांडणी आधी इंग्रजीत करून मग मजकूर मराठीत बदललेला होता, हे लगेच कळत होते: ‘मागील थकबाकी’ हे शब्द चौकटीत न मावून ‘मागील थक…’ इतकेच उरले होते, आणि ‘पुष्टी करा’ या बटणात वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही कापले गेले होते. वर्तमानपत्राची पाने लावण्यात हयात घालवलेले एक ज्येष्ठ गृहस्थ त्या दिवशी आले होते. त्यांनी त्याला ओळींतले अंतर वाढवून दाखवले, ‘ष्ट’सारखे जोडाक्षर टंकागणिक (फॉन्टनुसार) किती खाली उतरते ते समजावले, आणि पहिली मांडणी मराठीतच करण्याचा सल्ला दिला, कारण मराठीला पुरेल त्या बटणात इंग्रजी सहसा बसतेच. कोल्हापूरच्या सहकाऱ्याने करड्या अक्षरांची पार्श्वभूमीशी असलेली उजळपणातली तफावत मोजली. ती सुगम्यतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसह सर्वांना वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषातील ४.५ : १ या किमान प्रमाणापेक्षा बरीच कमी भरली. थकबाकीचा आकडाच ज्येष्ठ ग्राहकाला दिसणार नाही, हे त्या तरुणाने स्वतःच बोलून दाखवले.

टीममध्ये माणसे येतात, कारण तो त्यांच्या नोकरीचा भाग असतो. कट्ट्यावर शनिवारची झोप मोडून येण्याचे कसलेही बंधन नसते. सगळी व्यवस्था मीच पाहत असेपर्यंत लोक पाहुण्यासारखे येत आणि जात. मग कामे वाटली: काम मांडणाऱ्यांची निवड एकाकडे, वेळेचे भान दुसऱ्याकडे, आणि चर्चेची टिपणे लिहून मांडणाऱ्याला पाठवणे तिसऱ्याकडे. टिपणांचे काम सर्वांत नीरस, पण माझ्या मते कट्टा टिकला तो त्यामुळे, कारण पुढच्या महिन्यात त्याच टिपणावरून ‘मग काय बदललेस?’ असे विचारता येते.

कट्ट्याची संस्था म्हणून नोंदणी करण्याचा घोळ पुढे आला तो पैशांमुळे. एका महाविद्यालयाने सभागृह द्यायची तयारी दाखवली, पण पावती संस्थेच्या नावाने हवी होती, आणि वर्गणी माझ्या वैयक्तिक खात्यात ठेवणे मला मान्य नव्हते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात, ते सहज मिळाले. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, दरवर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, ही कामे आपसूक आली. उद्देशपत्रात ‘डिझाइन’ म्हणजे काय हे लिहिताना आमचा जितका वेळ गेला, तितका एखाद्या पडद्यावरही गेला नसेल. कार्यालयातील लिपिकाने प्रांजळपणे विचारले, ‘म्हणजे कपड्यांचं का?’

नेतृत्व दर दोन वर्षांनी बदलावे, असे आम्ही संस्थेच्या घटनेत लिहिले आहे. बदल अर्जाच्या कटकटीमुळे ही मुदत पाच वर्षांची करावी, असे आमच्या सनदी लेखापालांनी सुचवले. आम्ही ते मानले नाही. यंदा अध्यक्षपद नागपूरकडे गेले आहे, अर्ज दाखल झाला आहे, आणि शनिवारच्या बैठकीत मी आता टिपणे लिहिते.