उरलेला स्क्रू

काहीही उघडून पुन्हा जोडलं की माझ्याकडे एक स्क्रू उरतो. पंखा असो, मिक्सर असो, नाहीतर मुलाची चावीची मोटार. वस्तू चालू होते, म्हणजे त्या स्क्रूवाचून तिचं काही अडत नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालतो आणि त्याला पत्र्याच्या जुन्या डब्यात टाकून देतो. आता डबा निम्मा भरलाय. कुठे स्क्रू हवा असला की तो सतरंजीवर उपडा करायचा आणि बोटाने चिवडत बसायचं. जो बसेल तो आपला, एवढंच माझं शास्त्र.

कपाटाच्या दाराने ते मोडीत काढलं. वरच्या बिजागरीतला स्क्रू पडला म्हणून मी डब्यातून मापाचा वाटणारा एक घातला. तो आत गेला, पण घट्ट होईना, नुसता गरगर फिरे. त्याहून जाड घातला, तो चार दिवस टिकला. तिसऱ्याचं डोकं बिजागरीच्या खोलगट भोकात मावलं नाही आणि दार मिटेना. शेवटी दार हातात आलं, तेव्हा सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी माझा स्क्रू चिमटीत धरून उजेडात फिरवला.

"अहो, हा लाकडाचा नाही. याला नट लागतो."

तोवर मी स्क्रूकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मशीनचा स्क्रू वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा, आटे बारीक आणि दाट, टोक बोथट. तो स्वतः काहीच कापत नाही, त्याला समोर आपल्याच मापाचे आटे तयार लागतात. लाकडाच्या स्क्रूचे आटे विरळ आणि खोल, टोक अणकुचीदार. कित्येकांची डोक्याखालची मान मात्र गुळगुळीत असते. मला तो कंजूषपणा वाटायचा. खरं म्हणजे दोन फळ्या जोडताना वरची फळी त्या गुळगुळीत भागावर मोकळी राहते, आटे फक्त खालचीला धरतात, आणि डोकं वरचीला दाबत आणतं. वरच्या फळीतही आटे रुतले, तर दोघींमधली फट तशीच राहते. पत्र्याच्या स्क्रूला याउलट थेट डोक्यापर्यंत आटे लागतात, कारण पत्र्याला जाडीच नसते.

डोक्यांचंही तसंच. खालून निमुळतं असलेलं डोकं खोलगट भोकात बुडून पृष्ठभागाशी सपाट होतं. बिजागरीला तेच हवं, नाहीतर दार मिटत नाही, हे आता मला कोणी सांगायला नको. खालून सपाट असलेलं डोकं वरच बसून दाबतं. काळे, चकचकीत नसलेले स्क्रू दिसतात, ते जिप्समच्या पाट्यांसाठी. कडक असतात, पण ठिसूळ. त्यांच्यावर मी एकदा पुस्तकांची फळी टांगली होती. डोकी तुटून उडाली.

डोक्यावरची फुली ही हेन्री फिलिप्सने लोकप्रिय केली. त्याचं पेटंट १९३६ चं. सरळ खाचेतून स्क्रू ड्रायव्हर घसरतो, फुलीत तो आपसूक मध्यावर येतो. फुली लहान-मोठी असते हे मात्र लक्षात ठेवावं. चुकीच्या मापाच्या टोकाने जोर लावला, तर फुलीची वाटी होते, आणि मग तो स्क्रू काढणं म्हणजे खरा पेच.

आट्यांच्या मापांतही पूर्वी अशीच बजबजपुरी होती. ज्याच्या कारखान्याचा स्क्रू त्याच्याच कारखान्याचा नट. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने ठरावीक मापं सुचवली. आज मेट्रिक मापांत एम ६ म्हटलं की जाडी ६ मिलिमीटर, आणि नेहमीच्या आट्यांत एका फेऱ्याला बरोबर १ मिलिमीटर पुढे. माझ्या डब्यात अर्थात व्हिटवर्थच्या आधीचं राज्य आहे.

सगळे उजवीकडेच घट्ट होतात असंही नाही. टेबल फॅनची पाती धरणारी टोपी बहुधा उलट आट्यांची असते, म्हणजे पंखा सुरू होतानाच्या हिसक्याने ती सुटण्याऐवजी आणखी आवळते. हे कळायच्या आधी मी एक टोपी फोडलेली आहे.

सुतारकाकांनी काडेपेटी मागितली, तेव्हा मला वाटलं बिडी ओढणार. त्यांनी काड्यांची गुलं मोडली, काड्या गोंदात बुडवून त्या मोठ्या झालेल्या भोकात ठोकल्या आणि वरचं उरलेलं कापून टाकलं. गोंद वाळल्यावर नवा स्क्रू त्यांनी मला लावायला दिला. खालच्या बिजागरीतला जुनाही काढून पुसून ठेवला होता. तो मी भोकावर टेकवून लगेच पिळायला लागलो, तसा त्यांनी हात धरला.

"आधी उलटा फिरवा."

उलटा फिरवला. अर्ध्या फेऱ्यानंतर स्क्रू किंचित खाली बसल्यासारखा झाला आणि बोटांना बारीकसं टक् जाणवलं. जुन्या आट्यांचं तोंड सापडलं होतं. तिथून सुलटा फिरवला, तर तो जोर न लावता आत गेला.