वर्धापन दिन, वरण-बट्टी अन् 45 दिवस

रविवार. रात्रीचे पावणेबारा झाले अन् झोप येत नाहीये. दुपारी बट्टी जास्त झाली हे एक कारण, दुसरं कारण खाली येतंच.

आज आमच्या ग्रूपचा सहावा वर्धापन दिन होता. ग्रूप म्हणजे आमच्या तीन तालुक्यातल्या धंदेवाल्यांचं मंडळ. पत्रिकेवर 'लीडरशिप नेटवर्क' छापलंय, पण गावात तसं कोणी म्हणत नाही, गावात आम्हाले 'रविवारवाले' म्हणतात, कारण 2020 च्या फेब्रुवारीत सुरू केलं तेव्हा आम्ही दर रविवारी मार्केट यार्डासमोरच्या चहाच्या टपरीवर जमायचो. नऊ जण होतो. दोन जिनिंगवाले, दोन कृषी केंद्रवाले, सिमेंट-पत्र्याचा एक दुकानदार, एक वेल्डिंगवाला, एक दूध संकलनवाला, एक जेसीबीवाला अन् मी डाळ मिलवाला. पाच-सहा रविवार झाले नाहीत तर लॉकडाऊन लागला, टपरी बंद, मग सगळं व्हॉट्सॲपवर. खरं सांगायचं तर तेव्हाच ग्रूप ग्रूप झाला, कोणाचा माल कुठं अडकलाय, कोणाजवळ गाडीचा पास आहे, हमाल कुठं मिळतील, दिवसभर तेच चालायचं. आता यादीत 140 च्या वर नावं आहेत, वर्गणी भरणारे किती ते खजिनदाराले विचारा, त्याचं तोंडच पडते.

कार्यक्रम मंगल कार्यालयात होता. पत्रिकेत वेळ 11 ची, सुरू झाला पाऊण वाजता, त्यात नवीन काही नाही. दीपप्रज्वलनाले समईतल्या वाती काही पेटेनात, पंखे जोरात होते, शेवटी अध्यक्षांनी ओरडून पंखे बंद करायले लावले अन् मग सगळेच घामानं भिजले. सत्कार किती झाले मोजले नाहीत. शाल-श्रीफळ, शाल-श्रीफळ, मधात एकदा नारळ संपले तर अगोदर दिलेला एक नारळ गुपचूप मागून घेऊन पुढच्याले दिला, हे फक्त मी अन् वेल्डिंगवाल्यानं पाहिलं.

नागपूरहून एक पाहुणे आले होते, माणूस अभ्यासू. 1962 ले एमआयडीसी आली, 1963 ले नागपूरले विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन सुरू झाली, तिथून त्यांनी धरलं. मग शकुंतला रेल्वे. इंग्रजाच्या कंपनीनं यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी लाइन टाकली ती आपल्यासाठी नाही, कापूस मुंबईले अन् तिथून मँचेस्टरले न्यायसाठी, कच्चा माल इथून गेला अन् कापड तिकडून आलं. हे ऐकलेलंच असते तरी दरवेळी टोचते, कारण त्या गाडीनं आमच्या आजोबांनी प्रवास केलेला अन् आता रुळावर बाभळी उगवल्यात. शेवटी समृद्धी महामार्ग, 701 किलोमीटर, नागपूर ते मुंबई. कारंजाले इंटरचेंज आहे, खरं आहे, नागपूर जवळ आलं. फक्त माझ्या मिलपासून त्या इंटरचेंजपर्यंतच्या रस्त्यावर डाळीचं एखादं कट्टं फुटल्याशिवाय राहत नाही, ते पाहुण्यांच्या भाषणात नव्हतं.

मग माझा नंबर. मले दहा मिनिटं दिली होती, विषय 'अडकलेलं पेमेंट अन् कायदा'. हा विषय मलेच का, तर दोन वर्षामागं एका मोठ्या पार्टीकडे माझे 2 लाख 60 हजार सात महिने अडकले होते. फोन केला की 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. ग्रूपमधल्या सीएनं मले समजावून सांगितलं की 2006 चा एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांचा, कायदा आहे, लहान कारखानदाराचा माल घेतला तर लेखी ठरलेलं असलं तरी 45 दिवसाच्या वर पैसे ठेवता येत नाहीत, लेखी नसेल तर 15 च दिवस, वरून रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्या-महिन्यानं चढणारं. अन् 1 एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्सचं 43बी(एच) कलम आलं, वेळेत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याले तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येते. सीएनं दोन पानी पत्र टाकलं, बारा दिवसात पैसे खात्यात. साहेब मीटिंगमधून बाहेर आले असतील.

तर हे सगळं मी रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. मी जरा चढलो पण, म्हटलं 'मोठे लोक आपल्या पैशावर धंदा करतात, हे बंद व्हायले पायजे', अन् पुन्हा टाळ्या, अन् तेव्हाच माझी नजर चौथ्या रांगेत गेली. ताई बसली होती.

ताई म्हणजे आमच्या गावची, बचत गट चालवते. माझ्या मिलची अर्धा किलो अन् एक किलोची सगळी पाकिटं तिच्या गटाच्या बाया भरतात. डाळ निवडणं, वजन, सील, सगळं. ती टाळ्या वाजवत नव्हती. हसतही नव्हती, रागावलेली पण दिसत नव्हती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, अन् माझ्याकडे पाहत होती, गिऱ्हाईक काट्याकडे पाहते तसं.

तिचे ऑक्टोबरपासूनचे 38,600 माझ्याकडे आहेत.

पुढं मी काय बोललो आठवत नाही. धन्यवाद म्हणून खाली आलो.

आता इथं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, कारणं माझ्याजवळ आहेत. दिवाळीच्या मालाचे पैसे अमरावतीच्या दोन दुकानातून यायचे राहिलेत. जानेवारीपासून नवीन तूर सुरू झाली, 2025-26 चा हमीभाव 8000 आहे, यार्डात भाव रोज वर-खाली, पण शेतकऱ्याले पैसे तेव्हाच द्यावे लागतात, तो काट्याजवळून हलत नाही. क्विंटलभर तुरीतून डाळ निघते 70-75 किलो, बाकी चुरी अन् टरफल, त्यात तेल, वीज, हमाली. हे सगळं खरं आहे. पण हेही खरं की ज्यानं दारात उभं राहून मागितलं त्याले दिले अन् ताई कधी दारात उभी राहिली नाही. दोनदा फोन केला तिनं. एकदा मीच म्हटलं होतं, 'ताई, बाहेर आहे, उद्या बोलतो'. मीटिंगमध्ये आहे म्हणालो नाही एवढंच.

जेवण फर्स्ट क्लास होतं हे मात्र लिहिलंच पायजे. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, बट्टी तुपात बुडवलेली. डाळ माझ्याच मिलची होती. पंगतीत बाजूले ग्रूपमधला दुसरा डाळ मिलवाला बसला, बाजारात आमचं पटत नाही, पण मागच्या जानेवारीत माझी मोटर रात्री जळली तेव्हा हाच माणूस स्वतःच्या गाडीत त्याची जादा मोटर घेऊन साडेदहाले आला होता. तेल लावलेली तूर ओट्यावर पडली होती, वरून आभाळ आलेलं. भाडं विचारलं तर म्हणे 'आणून दे वापस, बस'. ग्रूपनं काय दिलं म्हणून कोणी विचारलं तर मी हे सांगतो, बाकी बॅनर दरवर्षीच छापतात.

ताई हात धुवायच्या नळाजवळ भेटली.

"चांगलं बोलले भाऊ."

"हाव... ताई, तुमचं ते..."

"राहू द्या, इथं नका काढू. लोक पाहून रायले."

म्हणजे माझीच इज्जत तिनं सांभाळली. मी पाणी पिलो अन् गाडीत बसलो.

घरी येऊन खतावणी काढली. 38,600 बरोबर आहेत. खात्यात पाहिलं तर 47 हजार अन् काही, त्यात मंगळवारी हमालांचे द्यायचे. 20 हजार टाकले फोनवरून. बायको जागीच होती.

"कोणाले टाकले?"

"ताईले. वीस."

"वीसच काहून?"

मी सांगत बसलो, मंगळवार, हमाल, अमरावती. ती ऐकता ऐकता कूस बदलून झोपली.

आता लिहिता लिहिता फोन वाजला. ताईचा मेसेज, म्हणजे ती पण जागीच. 'मिळाले भाऊ' एवढंच, अन् खाली बिलाचा एक फोटो. बिलाच्या वरच्या कोपऱ्यात उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर आहे. मागच्या वर्षी ग्रूपनं ग्रामपंचायतीत शिबिर घेतलं होतं, तेव्हा लॅपटॉपवर तिचा तो फॉर्म मीच भरून दिला होता, अन् 'ताई, हा नंबर बिलावर टाकत जा, कामी येते' हेही मीच सांगितलं होतं. बिलाच्या तारखेखाली लाल पेनानं रेघ मारलेली आहे. रेघ आजची आहे की जुनी, ते फोटोत कळत नाही.